किशोरवयीन मुलांसाठी कणखर नायिकांचा वाचनगट : सुरू करण्याआधी हे वाचा

आठवीतली माझी भाची मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईत नायगावला माझ्याकडे राहायला आली होती. दुपारी लाइट गेली म्हणून तिने माझं पुस्तकांचं कपाट उघडलं. खाली फतकल मारून पाऊण तास एकेक पुस्तक चाळलं आणि शेवटी म्हणाली, "मावशी, ह्यातली एक तरी बाई रडायची थांबते का गं?" मी चिडले. ती आंघोळीला गेल्यावर कपाटासमोर उभी राहून मोजायला लागले. तिचं फारसं चुकलेलं नव्हतं.

त्या प्रश्नातून आमचा रविवारचा वाचनगट निघाला. १३ ते १७ वयाच्या मुली, आणि पुढे मुलगेही. आता चौथं वर्ष चालू आहे. "आमच्याकडे पण असं काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं इतक्या जणींनी विचारलं, की प्रत्येकीशी तासभर फोनवर बोलण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं. मी शिक्षिका नाही, ग्रंथपाल नाही. एका ऑफिसात हिशेब लिहिते. पहिल्या वर्षी चुका भरपूर केल्या. त्या तुम्ही करू नका, नव्या करा.

१. यादी करायच्या आधी मुलांना विचारा

आपण सगळे इथेच घसरतो. आपल्याला आवडलेल्या दहा पुस्तकांची यादी करतो आणि मुलांच्या हातात देतो. मी पहिल्याच रविवारी ताराबाई शिंद्यांचं 'स्त्रीपुरुष तुलना' घेऊन बसले. पहिल्या पानापासून, अख्खं, समजावून सांगत. नऊ मुली होत्या. पुढच्या रविवारी दोन आल्या, त्यातली एक माझी भाची.

आधी प्रत्येकीला एक कागद द्या आणि तीनच गोष्टी लिहायला सांगा: शेवटचं कोणतं पुस्तक आपणहून पूर्ण वाचलं, कोणतं अर्धवट सोडलं, आणि कुठली भाषा वाचायला सोपी जाते. मुंबईत हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची. घरी फडाफडा मराठी बोलतात, पण छापील मराठी दिसलं की जोडाक्षरांपाशी अडखळतात. अशा मुलाला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावलंत, तर तो परत दिसणार नाही. पहिले तीन महिने तुम्ही वाचा.

२. जागा, वेळ आणि पालक

घरी करू नका. शेजारणीला वाटतं तुम्ही क्लास काढलाय, आणि नवऱ्याला रविवारी दुपारी झोपायला जागा उरत नाही. सोसायटीचं ऑफिस, मंदिराचा सभामंडप, शाळेचा वर्ग, चाळीतल्या गणेशोत्सव मंडळाची खोली, यातलं काहीही चालेल. आम्हाला मंडळाची खोली मिळाली. अट एवढीच, की कॅरम बंद करायला सांगायचं नाही. त्याचा फायदा कसा झाला ते पुढे सांगते.

वेळ रविवारी सकाळी साडेदहा ते बारा. शनिवारी क्लास असतात, संध्याकाळी मुलं खेळायला जातात. दीड तासाच्या वर एक मिनिटही ताणू नका. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस खोली मिळत नाही हे गृहीत धरा, आणि दहावीच्या मुलांकडून जानेवारीनंतर काही अपेक्षा ठेवू नका.

पालकांना आधीच भेटा, शक्य तितक्या घरी जाऊन. अल्पवयीन मुलं आहेत, तेव्हा दोन मोठी माणसं कायम हजर हवीत, त्यात एक बाई हवीच. माझ्याबरोबर चाळीतल्याच एक निवृत्त परिचारिका असतात. त्या वाचत नाहीत, स्वेटर विणतात, पण त्या असल्या की आया निर्धास्त असतात. व्हॉट्सॲप ग्रुप मुलांचा करू नका, पालकांचा करा.

३. काय काय लागतं

• पालकांची सही असलेला एक साधा संमतीचा कागद: मुलाचं नाव, वय, पालकाचा नंबर, ने-आण कोण करणार, बाहेर न्यायला हरकत आहे का.
• ग्रंथालयाच्या सभासदत्वासाठी तुमचं आधारकार्ड, पत्त्याचा पुरावा, दोन फोटो, अनामत आणि वर्गणीचे पैसे. सभासद तुम्ही व्हा. मुलांच्या नावावर पुस्तकं काढू नका, दंड त्यांच्या आईबापांच्या गळ्यात पडतो.
• एक जाड वही. कुठलं पुस्तक कोणी, कधी नेलं. मोबाइलवर ठेवायचा प्रयत्न केला होता, दोन महिन्यांत बोजवारा उडाला.
• खाकी कव्हरं, चिकटपट्टी आणि झिपची प्लास्टिकची पिशवी. पावसाळ्यात पिशवीशिवाय पुस्तक द्यायचं नाही. हिंदमाताला पाणी तुंबलं त्या जुलैत एका मुलीच्या दप्तरात ग्रंथालयाचं पुस्तक भिजून फुगलं. किंमत मीच भरली, आणि ते फुगलेलं पुस्तक अजून माझ्याकडे आहे.
• खाऊ: चिक्की, केळी, बिस्किटं. वडापाव वाचन संपल्यावर. तेलाचे डाग कुठल्याच ग्रंथपालाला आवडत नाहीत.

४. नायिका पारखायची कशी

'कणखर नायिका' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तलवार येते. तलवार वाईट नाही, पण मुलीला दिवसातून चार वेळा अडवणारं जे काही असतं ते तलवारीने तुटत नाही. शिवाय भलत्याच शूर बाईशी मुलीचं नातं जुळत नाही. "ती वेगळीच होती, मी कुठे तशी," म्हणते आणि पुस्तक मिटते.

मी पुस्तक निवडताना हे बघते. गोष्टीची गाठ जिथे पडते तिथे निर्णय कोण घेतं? ती की तिच्यासाठी दुसरं कोणी? तिला काही हवंय का, लग्नाव्यतिरिक्त? ती चुकते का, आणि चुकल्यावर लेखक तिला शिक्षा देतो की तिला शिकू देतो? तिला एखादी तरी मैत्रीण आहे का? चारही प्रश्नांना 'हो' असलेलं पुस्तक क्वचित सापडतं. दोन 'हो' असले तरी पुरे. उरलेल्या दोन 'नाही'वर मुलं भांडतात, आणि ते भांडण हाच निम्मा कार्यक्रम.

एक खेळ सांगते, तो हमखास चालतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बन्या, बहुतेकांना वाचून नाही तर सिनेमामुळे माहीत असतो. मुलांना विचारा, बन्या मुलगी असता तर? रात्री एकटा सायकल काढून निघाला असता का? घरी काय म्हणाले असते? गावातल्या माणसांनी तिला माहिती सांगितली असती का? आमच्याकडे एका मुलीने ती गोष्ट नव्याने लिहून आणली होती. त्यात नायिका सबंध तपास क्लासला जाते असं सांगून, साडेसातच्या आत उरकते.

५. कोणती पुस्तकं, कोणत्या क्रमाने

इथे जरा सावकाश वाचा.

सुरुवात छोट्या मजकुराने करा. मुक्ता साळवेचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ती फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, साधारण चौदा वर्षांची मुलगी. वेद जर फक्त ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्मग्रंथ कोणता, आमचा धर्म तरी कोणता, असं ती सरळ देवालाच विचारते. मोठ्याने वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. भाषा जुनी आहे, पण राग अजिबात जुना नाही. वाचून झाल्यावर तिचं वय सांगा, आधी नको.

मग सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली पत्रं. त्यातलं १८६८ सालचं पत्र घ्या. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जमलं म्हणून गाव त्यांना मारहाण करत, जीवच घ्यायला निघालेलं. सावित्रीबाई धावत जातात, सरकारी शिक्षेची भीती घालून जमाव थोपवतात आणि दोघांना सोडवतात. पत्र नायगावहून लिहिलेलं आहे. मी "मुक्काम नायगाव" वाचल्याबरोबर एक मुलगा ताडकन म्हणाला, "आपल्या नायगावातून?" साताऱ्याकडचं, त्यांचं माहेरचं नायगाव, असं सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. पण त्या दिवसापासून तो कॅरम सोडून आमच्याकडे बसायला लागला.

पहिलं मोठं पुस्तक म्हणून लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. याला माझ्या मते मराठीत तोड नाही. लक्ष्मीबाई घाबरतात, फसतात, रुसतात, लग्नानंतर अक्षरओळख करून घेतात. नवरा कवी, मनस्वी, कधी कुठे निघून जाईल नेम नाही. १८९५ साली तो ख्रिस्ती होतो आणि त्यांचं जगच फिरतं. हे सगळं त्या स्वतःवर हसत सांगतात. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचं प्रकरण वाचा. मुलं हसता हसता मधेच गप्प होतात, कारण त्या वेडापायी घरातल्या बायकांचे काय हाल होत असतील ते हळूहळू डोक्यात शिरतं. सलग वाचू नका, प्रसंग निवडून वाचा. रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) यासोबत चालतात. नवरा शिकवतोय आणि घरातल्याच बायका टोमणे मारतायत, हा पेच मुलींना पटकन ओळखीचा वाटतो.

आणि इथेच मी सपशेल तोंडावर पडले. सलग दोन-अडीच महिने टिळक, रानडे, आनंदीबाई जोशी असं चाललं होतं. एका रविवारी बीडीडी चाळीतून येणारी एक मुलगी, जी फारशी बोलायचीच नाही, तिने विचारलं, "ताई, ह्यांच्या घरी पाणी कोण भरायचं? धुणं कोण धुवायचं? तिने पण काही लिहिलंय का?" माझ्याकडे उत्तर होतं, पण पिशवीत पुस्तक नव्हतं.

पुढच्या वेळी ऊर्मिला पवारांचं 'आयदान' घेऊन गेले. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपांचं विणकाम. आई विणायची, मुलगी लिहिते. लहानपणीची प्रकरणं आधी घ्या. मग बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' (१९८६). त्यांचं छोटं दुकान होतं. सामान बांधायला येणारे रद्दीचे पेपर त्या वाचायच्या, आणि स्वतःचं लिखाण कितीतरी वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. "लपवून कुठे?" यावर आमच्याकडे अर्धा तास चर्चा झाली. मुलींनी आपापल्या वह्या कुठे लपवतात तेही सांगून टाकलं. ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' आहे, आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास. थोडक्यात, पहिल्या पाच पुस्तकांत ही नावं नसतील तर यादी परत करा.

आनंदीबाईंबद्दल एक सावधगिरी. घरोघरी श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' कादंबरी असते आणि ती वाचनीय आहेच. पण त्यात प्रकाशझोत बराचसा नवऱ्यावर, गोपाळरावांवर राहतो. अंजली कीर्तन्यांनी लिहिलेलं चरित्र जोडीला ठेवा आणि आनंदीबाईंनी १८८३ साली श्रीरामपूरला, बंगालातल्या, केलेलं भाषण शोधा. अमेरिकेला का, इथे शिकता येत नाही का, एकटी का, जातीबाहेर टाकलं तर काय, असे लोकांचे प्रश्न ती एकेक करून घेते आणि उत्तरं देते. तेव्हा तिला अठरावंही पूर्ण झालेलं नव्हतं. आम्ही प्रश्न मुलांना वाटून दिले आणि उत्तरं भाचीने वाचली. नाटक बसवायची गरज पडली नाही.

रखमाबाई तर आपल्या मुंबईच्याच. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणाल्या. १८८४ साली नवऱ्याने दावा लावला. पहिला निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी १८८८ साली तडजोड झाली आणि त्या विलायतेत जाऊन डॉक्टर होऊन आल्या. मोहिनी वर्द्यांनी त्यांचं मराठी चरित्र लिहिलंय. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना कोर्टाची गोष्ट फार आवडते. दोन बाजू वाटून द्या आणि बाजूला बसा.

भाषांतरात शांता शेळक्यांचं 'चौघीजणी' विसरू नका. लुईसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चं इतकं घरचं मराठी केलंय, की मुलांना मार्च कुटुंब गिरगावात राहतं असं वाटावं. ज्यो केस कापून विकते तो प्रसंग वाचून झाल्यावर मुलींना काही विचारू नका, त्याच बोलायला लागतात.

ताराबाई शिंद्यांकडे आता परत या. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली. त्यावरून पेपरांत बायकांच्या चारित्र्यावर जे लिहून आलं त्याने चिडून बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली हे पुस्तक छापलं. बायकांवरचा एकेक आरोप घ्यायचा आणि पुरुषांच्या पदरात टाकायचा, अशी रीत. एका वेळी एकच पान, आणि ठसक्यात. नळावर भांडण चाललंय असं वाचा. नवातल्या सात मुली पळवणारी मीच, पण तेच पान तसं वाचल्यावर टाळ्या पडल्या.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी रुकैया सखावत हुसैन यांचं 'सुलतानाज ड्रीम' (१९०५). बायकांचं राज्य, सूर्याच्या उष्णतेवर चाललेला स्वयंपाक, उडती गाडी आणि पुरुष घरात बंद. एका बैठकीत संपतं. मुलगे हे ऐकताना आधी खिदळले, मग एकाने कुरकुर केली, "पण आम्ही काय केलंय? सगळ्यांना का कोंडलंय?" मुलींनी काही न बोलता फक्त एकमेकींकडे बघितलं. 'हंगर गेम्स', हॅरी पॉटरमधली हर्मायनी, 'मॅटिल्डा' वगैरे मुलं स्वतःच वाचतात. त्यांना नाकं मुरडू नका. 'हंगर गेम्स'मधल्या कॅटनिसपासून रखमाबाईंपर्यंत यायला एकच प्रश्न पुरतो: हिला 'नाही' म्हणायची किंमत काय पडली?

पंधरा-सोळाच्या आधी नको अशी: हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' (उत्तम, पण काळीज पिळवटणारी), विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'मधल्या बहुतेक कथा, आणि मर्जान सात्रापीचं चित्रांतलं आत्मचरित्र 'पर्सेपोलिस'. चित्रं आहेत म्हणून ते लहान मुलांचं पुस्तक होत नाही, त्यात छळाची वर्णनं आहेत. कुठलंही पुस्तक स्वतः शेवटपर्यंत वाचल्याशिवाय द्यायचं नाही, हा नियम मी दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा पस्तावले.

६. पुस्तकं मिळवायची कुठून

सगळं विकत घ्यायला गेलात तर दोन महिन्यांत गट बंद पडेल. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ सालापासूनचं. जुनी आत्मचरित्रं आणि चरित्रं तिथे हमखास बघा. तुमच्या भागात सार्वजनिक वाचनालय असेल तर तिथल्या ग्रंथपालांशी ओळख करा. आठवडाभर आधी नावं लिहून दिली की ते काढून ठेवतात, आणि न मागता दोन नावं सुचवतात. त्यांची सुचवणी बहुतेकदा आपल्यापेक्षा बरी असते.

नवी पुस्तकं दादर पश्चिमेला आयडियलमध्ये, किंवा प्रभादेवीला लोकवाङ्मय गृहात. जुनी हवी असतील तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळ. फूटपाथवर इंग्रजीच जास्त मिळतं, आणि पायरेटेड प्रतींकडे लक्ष ठेवा: अक्षर पुसट, पानं वाकडी कापलेली आणि भाव संशय येण्याइतका कमी.

फुकट हवं असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर उतरवून घेता येतात. सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय मंडळाचंच. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही असेच मिळतात, आणि लहान मुलांची गोष्ट हवी असेल तेव्हा उपयोगी पडतात.

झेरॉक्सबद्दल. लेखक वारल्यानंतर ६० वर्षांनी आपल्याकडे पुस्तकाचा स्वामित्वहक्क संपतो. म्हणजे ताराबाई, लक्ष्मीबाई टिळक, रमाबाई रानडे, हरिभाऊ आपटे यांचा मूळ मजकूर मोकळा आहे, त्यातली पानं खुशाल वाटा. नव्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मात्र वेगळ्या, भाषांतरांचा हक्कही वेगळा. 'आयदान' किंवा 'जिणं आमुचं' झेरॉक्स करू नका. लेखिकेच्या कष्टांवर चर्चा करायची आणि तिचं पुस्तक फुकट छापायचं, हे मुलांच्याही लक्षात येतं.

७. पहिले तीन रविवार

पहिला: ओळख, वरचे तीन प्रश्न, मुक्ता साळवे. 'स्त्रीवाद' हा शब्द काढू नका. पहिल्या रविवारी तो उच्चारला की काही मुली सावरून बसतात आणि मुलगे दाराकडे बघतात. शब्द त्यांच्यातलंच कोणीतरी सहाव्या-सातव्या बैठकीत आणतं, तेव्हा काय तो अर्थ सांगा.

दुसरा: 'स्मृतिचित्रे'मधला एक प्रसंग, वीस मिनिटं. वाचून झाल्यावर "यातून काय शिकलो" हे विचारायचं नाही. कधीच नाही. "तू असतीस तर?" हेही सारखं नको. त्याऐवजी "ह्यातलं कोण तुला खोटं वाटलं?" विचारा.

तिसरा: मुलांना पुस्तकं घरी न्यायला द्या. जाडी बघूनच निवडतील, निवडू दे.

८. जिथे गाडी अडते

मुलगे. मी सुरुवातीला फक्त मुलींसाठी ठेवलं होतं. पण मंडळाच्या खोलीत बाजूला कॅरम चाललेला. वाचता वाचता स्ट्रायकरचा आवाज हळूहळू कमी व्हायचा आणि रखमाबाईंच्या निकालाच्या वेळी पार थांबला. सोंगटी हातात धरून चौघं ऐकत होते. पुढच्या रविवारी त्यांना सतरंजीवर बोलावलं. मुलगे आल्याने मुली गप्प होतील ही भीती निम्मी खरी ठरली. म्हणून महिन्यातला एक रविवार अजूनही फक्त मुलींचा असतो, आणि तो का, हे मुलग्यांना समजावून सांगितलंय.

पालक. एका मुलीच्या वडिलांचा फोन आला, "मॅडम, मुलीला भलतंसलतं शिकवू नका, पुढे लग्नाला त्रास होतो." वाद घालू नका. "तुम्हीच या ना बसायला," एवढंच म्हणा. ते आले, मागे खुर्चीवर बसले, सव्वा अकराला घोरायला लागले. नंतर फोन आला नाही, मुलगी अजून येते.

नाजूक गोष्टी. पुस्तकाच्या निमित्ताने एखादं मूल घरातलं किंवा शेजारचं काही सांगून जातं. तिथेच सगळ्यांसमोर खोदून विचारू नका, आणि "कोणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नका, ते पाळता येत नाही. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आमच्या खोलीच्या दारामागे कायम लावलेला आहे. लैंगिक छळाचं काही कानावर आलं तर पॉक्सो कायद्याखाली ते कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, याची माहिती आधीच करून घ्या.

मुलं वाचत नाहीत. अर्धी मुलं वाचून येतच नाहीत. चालतं. ऐकायला आलेली मुलंही गटातलीच.

९. वर्षातून एकदा बाहेर न्या

पावसाळा संपला की शनिवारी सकाळी सीएसएमटीला उतरा आणि चालत फोर्टात या. टाउन हॉलच्या पायऱ्या, मग ओव्हल मैदानाच्या बाजूने हायकोर्टाची इमारत. ही इमारत १८७८ साली पुरी झाली आणि रखमाबाईंचा दावा त्यानंतरचा, म्हणजे लढाई याच दगडी भिंतींच्या आत झाली. पलीकडे चर्चगेटला एसएनडीटी महिला विद्यापीठ. वेळ उरला तर चौपाटी: पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन सुरू केलं ते इथेच. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक, बालविधवा गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई कर्वे झाली. आणि एसएनडीटी म्हणजे कर्व्यांचं विद्यापीठ, जे तुम्ही तासाभरापूर्वीच पाहिलंत. आज सदनाचं तिथे काही दिसत नाही, मुलं थोडी हिरमुसतात. भेळ घेऊन द्या. त्या वेळी उषा मेहतांची गोष्ट सांगा: १९४२, वय २२, याच शहरात जागा बदलत बदलत चालवलेलं गुप्त रेडिओ केंद्र, आणि नोव्हेंबरात झालेली अटक.

दहिसरला स्त्रियांच्या आठवणी, मुलाखती आणि छायाचित्रं जपणारं 'स्पॅरो' आहे. तिथे मात्र आधी फोन करून, परवानगी घेऊन, आणि पाच-सहापेक्षा जास्त मुलं न घेता जा.

निघताना हजेरी दोनदा घ्या, गाडीत चढण्याआधी आणि उतरल्यावर. लेडीज डब्यात मुली आणि जनरलमध्ये मुलगे असे विभागले जातात, तेव्हा दुसरं मोठं माणूस मुलग्यांबरोबर हवं. आमच्या परिचारिकाबाई यासाठी त्यांच्या भावाला घेऊन येतात. त्यांनी एकही पुस्तक वाचलेलं नाही, पण हायकोर्टासमोर मुलग्यांना निकाल तेच समजावून सांगत होते, आणि सांगत होते ते बरोबर होतं.